पर्शियन मांजर आठव्या वर्षी म्हातारे होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्शियन मांजर आठ-नऊ वर्षेच जगते, असे सोलापुरात सर्रास सांगितले जाते. विकणारे सांगतात, शेजारी सांगतात, आणि मांजर खाईनासे झाले, वाळू लागले की घरातलेही तेच म्हणून गप्प बसतात. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागांतल्या फ्लॅटमध्ये हौसेने आणलेली बरीच मांजरे आता या वयाला पोचली आहेत, म्हणून हे पत्र. मांजरांवर उपचार करणारे आणि मांजरे पाळणारे आम्ही काही जण मिळून ते लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण हा विषय अर्धवट सांगून भागत नाही.

आधी आकडे. इंग्लंडमधल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदींवरून मांजरांच्या आयुर्मानाचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्या मांजरांचे मध्यक आयुष्य (निम्मी त्याहून कमी, निम्मी जास्त जगली असा आकडा) १४ वर्षे निघाले. मिश्र जातीच्या मांजरांचे १४, शुद्ध जातीच्यांचे १२.५. पर्शियनचे मात्र १४.१, म्हणजे साध्या मिश्र मांजरापेक्षा कणभर जास्तच. बर्मन १६.१ वर सर्वांत पुढे आणि बेंगाल ७.३ वर सर्वांत मागे. तिथली हवा वेगळी आणि दवाखाने वेगळे, हे मान्य. तरीही आठव्या-नवव्या वर्षी येणारे मरण हा या जातीचा नियम नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. त्या मरणामागे काही कारण असते आणि बहुतेक वेळा ते शोधले तर सापडते.

मांजराचे वय माणसाच्या वयात बसवायचे तर पहिले वर्ष म्हणजे १५, दुसरे संपता २४ आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला ४ धरावेत. सात वर्षांचे मांजर चव्वेचाळिशीत असते, दहाचे छप्पन्नला पोचते, चौदाचे बहात्तरला. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला ‘वय झाले’ म्हणून कोणी औषधावाचून ठेवत नाही. सातनंतर वर्षातून एकदा आणि दहानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी, असा सर्वसाधारण दंडक आहे. पर्शियनच्या बाबतीत आम्ही सातव्या वर्षापासूनच सहा महिन्यांचा आग्रह धरतो. त्याचे कारण मूत्रपिंड.

पर्शियन, आणि तिच्यापासून निघालेल्या हिमालयन व एक्झॉटिक शॉर्टहेअर या जातींत (हिमालयनचा हिमालयाशी काही संबंध नाही, ती सयामीच्या संकरातून आली) एक आनुवंशिक विकार आहे. मूत्रपिंडात जन्मापासून पाण्याचे बारीक फुगे असतात, ते वर्षानुवर्षे वाढत जातात आणि शेवटी मूत्रपिंड द्राक्षाच्या घडासारखे दिसू लागते. पॉलिसिस्टिक किडनी डिसीज किंवा पीकेडी म्हणतात तो हाच. त्याला कारणीभूत असलेला जनुकातला दोष २००४ मध्ये सापडला. तपासणी सुरू होण्यापूर्वी जगभरच्या पर्शियन मांजरांत साधारण तीनातल्या एकाहून अधिक मांजरांत तो असल्याचे आढळत होते. दोष आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. एक पालक बाधित आणि दुसरा निरोगी असेल तर सरासरी निम्मी पिल्ले बाधित निघतात. दोघेही बाधित असतील तर जिवंत जन्मणाऱ्या पिल्लांपैकी दोन तृतीयांश, कारण दोन्हीकडून दोष आलेली पिल्ले गर्भातच संपतात. बाधित मांजराला पहिली काही वर्षे काहीच होत नाही. सरासरी सातव्या वर्षाच्या आसपास मूत्रपिंड थकल्याची लक्षणे दिसू लागतात, कुणाला तिसऱ्या वर्षी, कुणाला दहाव्या. ‘पर्शियन आठच वर्षे जगते’ ही समजूत बहुधा इथूनच आली असावी.

फुगे औषधाने जिरत नाहीत. पण आहेत की नाहीत हे आधी कळू शकते. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन होणारी जनुक तपासणी कोणत्याही वयात चालते. सोनोग्राफीही उपयोगी, फक्त वय पाहावे लागते. सोळा आठवड्यांच्या पिल्लात ती बाधितांपैकी सुमारे ७५ टक्केच पकडते, छत्तीस आठवड्यांनंतर सुमारे ९१ टक्के. म्हणून दहा महिने पूर्ण झाल्यावर केलेल्या सोनोग्राफीवर विसंबावे. दोन महिन्यांच्या पिल्लाची सोनोग्राफी दाखवून ‘किडनी क्लिअर’ म्हणणाऱ्याचे म्हणणे फार वजनदार समजू नये.

पीकेडी नसलेल्या मांजरांतही दहानंतर मूत्रपिंडाचा जुनाट आजार फार नेहमीचा. तो ओळखण्यात जी चूक होते ती ठरलेली आहे. मूत्रपिंडे कमजोर झाली की लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून लघवी वाढते, म्हणून तहान वाढते. ‘छान पाणी पितेय’ म्हणून घरचे खूश असतात. जिथे लिटर ट्रे आहे तिथे निदान ओल्या वाळूचे गोळे दिसतात. नेहमी दोन-तीन निघणारे गोळे चार-पाच होऊ लागले किंवा लिंबाएवढा गोळा मोसंबीएवढा झाला तर ती खूण समजावी. आपल्याकडे मात्र अनेक मांजरांना मोरीत जायची सवय लावलेली असते. दिसायला ती सोयीची, पण मोरीतली लघवी पाण्याबरोबर वाहून जाते आणि महिनोन् महिने कुणाला पत्ता लागत नाही. सातनंतर तरी ट्रे ठेवाच.

चार किलोच्या मांजराला अन्नातून आणि पिण्यातून मिळून दिवसाला सुमारे २०० मिलिलिटर पाणी लागते. ८५ ग्रॅमच्या ओल्या अन्नाच्या पाऊचमध्ये ६५ ते ७० मिलिलिटर पाणीच असते. कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. फक्त दाण्यांवर राहणारे मांजर वाडग्यातून दोनशे मिलिलिटरहून जास्त प्यायला लागले असेल तर तपासणी करावी. मोजायला अवघड काही नाही. सकाळी मापाने पाणी भरावे, दुसऱ्या दिवशी उरलेले मोजावे, आणि शेजारी तसाच दुसरा वाडगा मांजर पोचणार नाही अशा जागी ठेवून किती उडाले ते वजा करावे. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ही वजाबाकी केली नाही तर हिशेब साफ चुकतो. नळाला पाणी रोज येत नसल्याने घरात साठवणीचे असते. मांजराचा वाडगा मात्र रोज घासून ताजा भरावा. शिळ्या, बुळबुळीत वाडग्याला मांजर तोंड लावत नाही. आणि तो रुंद असावा, चपट्या तोंडाच्या पर्शियनला खोल वाटीतून पिता येत नाही.

आता रक्ततपासणी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) वाढलेले दिसते तेव्हा मूत्रपिंडाची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. म्हणून एकट्या क्रिएटिनिनवर थांबू नये, लघवीची विशिष्ट घनता, म्हणजे ती किती घट्ट आहे, तेही पाहावे. निरोगी मांजराची ती १.०३५ च्या वर असते. त्याखाली वारंवार येत असेल तर क्रिएटिनिन ठीक असूनही लक्ष ठेवावे. एसडीएमए नावाची चाचणी आणखी आधी इशारा देते. मांजराचे रक्त बऱ्याचदा माणसांच्या लॅबमध्ये जाते आणि गोंधळ तिथे होतो. अहवालावर क्रिएटिनिनची माणसाची मर्यादा छापलेली असते, १.२ किंवा १.३ च्या वर ठळक अक्षर. मांजरात १.६ पर्यंत काळजीचे कारण नसते. १.६ ते २.८ आजाराची दुसरी पायरी, २.९ ते ५.० तिसरी, पाचच्या वर चौथी. म्हणजे १.५ ला घाबरून उपचार सुरू करणे चूक, आणि २.५ ला ‘थोडेच वाढले आहे’ म्हणणेही चूक. माणसांसाठी लावलेल्या यंत्रावर मांजराच्या प्लेटलेटही हमखास कमी दाखवतात, कारण मांजराच्या प्लेटलेट मोठ्या आणि तांबड्या पेशी लहान असल्याने यंत्राला दोन्हींत फरक कळत नाही. काचपट्टीवर डोळ्याने पाहिल्याशिवाय त्या आकड्यावर औषध देऊ नये. साखरेचेही तसेच. घाबरलेल्या मांजराची साखर दवाखान्यात २०० च्या वर सहज जाते, तेवढ्यावर मधुमेह ठरत नाही.

आजार ठरला म्हणजे सगळे संपले असे नाही. दुसऱ्या पायरीवर सापडलेली मांजरे नीट सांभाळली तर वर्षानुवर्षे काढतात. सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे मूत्रपिंडासाठीचा खास आहार, त्यात स्फुरद (फॉस्फरस) कमी असते. तो एकदम देऊ नये. जुन्या अन्नात चौथा हिस्सा मिसळून सुरुवात करावी आणि दोन ते चार आठवड्यांत पूर्ण बदल करावा. मांजर मळमळत असताना किंवा दवाखान्यात भरती असताना तर मुळीच सुरू करू नये. त्या वासाशी आजारपणाची सांगड बसते आणि मग जन्मभर ते अन्न चालत नाही. अजिबातच खात नसेल तर जे खाते ते द्यावे आणि डॉक्टरांकडून अन्नात मिसळायचे स्फुरद बांधणारे औषध घ्यावे. उपाशी ठेवून पथ्य पाळण्यात अर्थ नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले की यकृतात चरबी साठते आणि तो आजार मूत्रपिंडाआधीच जीव घेतो.

याच्या उलट, धडधाकट आठ वर्षांच्या मांजराचे चिकन बंद करून ‘किडनीला हलके’ म्हणून दूधभात सुरू करणारी घरे आम्ही पाहतो. निरोगी म्हाताऱ्या मांजराला प्रथिने कमी नव्हे, भरपूर लागतात. दहा-बारानंतर पचन मंदावते, स्नायू झडतात, पाठीचा कणा हाताला लागू लागतो. दूधभातात टॉरिन (मांजराला अन्नातूनच मिळावे लागणारे पोषकद्रव्य) जवळजवळ नसते, आणि टॉरिनअभावी मांजराचे हृदय सैल पडते, डोळ्यांचा पडदा खराब होतो. कुत्र्याचे अन्न स्वस्त पडते म्हणून मांजराला घालणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. घरचे द्यायचेच तर साधे उकडलेले चिकन वरखाऊ म्हणून ठीक, मुख्य जेवण म्हणून नाही. त्यात मीठ-मसाला, कांदा, लसूण काही नको. मटणाच्या रश्श्यात बुडवलेला तुकडा, शेंगाचटणी लागलेली भाकरी हे लाडाने दिले जाते. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

शरीरात पाणी कमी पडू लागले की डॉक्टर कातडीखाली सलाईन द्यायला सांगतात. हे घरी शिकून करता येते, दवाखान्याच्या रोजच्या फेऱ्या वाचतात आणि मांजराचा ताणही. साधारण चार किलोच्या मांजराला एका वेळी ७५ ते १०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट, रोज की दिवसाआड ते डॉक्टर ठरवतील. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून अंगाच्या उष्णतेइतकी करावी. गार सलाईन दिले की मांजर दुसऱ्या दिवशी बाटली दिसताच पलंगाखाली जाते. बाटली मांजरापेक्षा तीनेक फूट उंच टांगावी. नळीतली हवा काढून टाकावी. दोन्ही खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलून जो तंबू होतो त्याच्या पायथ्याशी, अंगाला समांतर सुई घालावी, २० नंबरची चालते. पर्शियनचा केस इतका दाट की सुई कातडीत न जाता केसांतच राहते किंवा तंबूच्या पलीकडून बाहेर येते आणि सलाईन अंगावर सांडते. म्हणून तिथले तळहाताएवढे केस कापून घ्यावेत. नंतर खांद्यावर फुगा येतो, कधी तो घसरून पुढच्या पायात उतरतो, सहा-आठ तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही तो तसाच असेल तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना दाखवावे. डेक्स्ट्रोजची (साखरेच्या सलाईनची) बाटली यासाठी वापरू नये, कातडीखाली गळू होते. आणि हृदयाचा आजार असलेल्या मांजरात ही रीत फुफ्फुसात पाणी भरू शकते, म्हणून सुरू करण्याआधी हृदय तपासलेले असावे. मांजर मान छातीशी टाकून बसू लागले तर पोटॅशियम कमी झाल्याचा संशय घ्यावा. ही खूण फार जणांना माहीत नाही.

मूत्रपिंडाच्या जोडीने रक्तदाब येतो. तो १६० च्या वर राहू लागला की औषध लागते, १८० च्या वर डोळ्यांना धोका. काल नीट चालणारे मांजर आज भिंतीला धडकते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या राहतात, तेव्हा बहुतेक वेळा आतला पडदा सुटलेला असतो. त्याच दिवशी उपचार मिळाले तर काही मांजरांची नजर थोडीफार परतते. ॲम्लोडिपिन हेच माणसांचे औषध मांजरालाही चालते. सुरुवातीचा नेहमीचा डोस ०.६२५ मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग, दिवसातून एकदा, अर्थात मोजमाप झाल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच. माणसाचा पट्टा मांजराच्या पायाला बांधून दाब येत नाही. पट्ट्याची रुंदी पायाच्या घेराच्या ३० ते ४० टक्के हवी आणि मोजण्यापूर्वी मांजराला पाच-दहा मिनिटे शांत बसू द्यावे. दवाखान्यात हे यंत्र आहे का, हे विचारून मगच जावे.

दहानंतर खादाड होऊनही वाळत जाणारे मांजर दिसले तर थायरॉइडची टी-४ तपासणी करावी. मूत्रपिंड आणि थायरॉइड दोन्ही बिघडलेली असतात तेव्हा वाढलेले थायरॉइड मूत्रपिंडाचा बिघाड झाकून ठेवते. थायरॉइडचे औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन चढते आणि औषधाने किडनी गेली असा आरोप होतो. म्हणून औषध सुरू केल्यावर तीन-चार आठवड्यांनी दोन्ही तपासण्या एकत्र कराव्यात.

सांध्यांबद्दल तर बोललेच जात नाही. बारा वर्षांवरच्या मांजरांच्या एक्स-रेत ९० टक्क्यांमध्ये सांधे झिजल्याच्या खुणा सापडल्या आहेत. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही. ते फक्त खिडकीत चढायचे सोडते, ट्रेच्या बाहेर करू लागते, नख्या वाढून तळव्यात रुतू लागतात आणि पाठीमागच्या भागाची केससफाई थांबते. ट्रेची एक बाजू पाच-सात सेंटिमीटरवर कापून द्यावी, पलंगाजवळ एक पाट किंवा खोके पायरी म्हणून ठेवावे, नख्या दर दोन-तीन आठवड्यांनी कापाव्यात. दुखणे दिसते म्हणून घरातली गोळी देऊ नये. पॅरासिटामॉलची एक साधी ५०० ची गोळी मांजराचा जीव घेते. ती पचवण्याची यंत्रणाच मांजराच्या यकृतात अपुरी असते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजते, श्वास लागतो. आयबुप्रोफेन मूत्रपिंड संपवते. कुत्र्याचे गोचीड मारायचे परमेथ्रिनचे थेंबही असेच, मानेवर टाकले की काही तासांत झटके.

आता ऊन. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ पर्यंत जातो, आणि पर्शियनचे नाक, घसा, श्वासनलिकेचे तोंड सगळे दाबलेले. कुत्र्यासारखे धापून उष्णता काढणे मांजराला मुळातच जमत नाही, पंच फेसला (अगदी चपट्या तोंडाच्या पर्शियनला) तर त्याहून नाही. तोंड उघडून धापणारे मांजर कोणत्याही वयात तातडीचे समजावे. म्हाताऱ्या मांजरात हृदय आणि मूत्रपिंडाची शिल्लक कमी असल्याने दुपारी तासभर वीज गेलेली खोलीही जिवावर बेतायला पुरते. शहराच्या पूर्वभागात पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या मांजरांची स्थिती सर्वांत वाईट. आपल्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, पण खिडकी उघडी ठेवूनच. बंद खोलीत कूलर लावला की दमटपणा वाढतो आणि उपयोग उलटा होतो. फरशीवर ओला करून पिळलेला टॉवेल पसरून ठेवावा, सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. मांजराचे गुदद्वारातले तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ४० च्या वर गेले तर साध्या नळाच्या पाण्याने पोट, काख, तळवे भिजवून पंखा लावावा आणि ३९.५ ला थांबावे. बर्फ लावू नये. कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. दवाखान्याची वेळ सकाळी आठ-नऊची घ्यावी. दुपारी दोनला रिक्षातून पिंजरा नेणे हेच अनेकदा आजारापेक्षा जड जाते.

उन्हाळ्यात तुळतुळीत भादरून आणण्याची टूम आहे. केस एक-दीड सेंटिमीटर तरी ठेवावेत, नाहीतर कातडी पोळते. खरे म्हणजे रोज दहा मिनिटे रुंद दातांच्या फणीने विंचरले तर भादरायची वेळच येत नाही. म्हातारे मांजर स्वतःला चाटून साफ करत नाही, काखेत आणि मांड्यांत केसांच्या जटा होतात, त्या चालताना कातडी ओढतात. जट कात्रीने कापू नये. पर्शियनची कातडी जटेबरोबर वर येते आणि कात्रीत सापडते, टाके पडतात. ट्रिमर वापरावा. केस गळून गोल चट्टे पडले तर ते गजकर्ण असू शकते, पर्शियनमध्ये फार आढळते आणि घरातल्या मुलांनाही लागते. मेडिकलमधली स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावून ते दबते आणि पसरते.

डोळे रोज उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसावेत, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. बुबुळावर तपकिरी-काळा ठिपका दिसला, किंवा डोळा मिटून घेतला, तर स्टेरॉइडचे थेंब अजिबात घालू नयेत. जखम असेल तर भोक पडते. दात आखूड जबड्यात वेडेवाकडे दाटलेले असतात, त्यांची सफाई भूल देऊनच करावी लागते, आणि भुलेआधी रक्त व हृदय तपासून घ्यावे.

हृदयाची एक खूण घरी मोजता येते. मांजर गाढ झोपलेले असताना छाती एका मिनिटात किती वेळा वर जाते ते मोजा. तीसच्या आत असावे. रोज तीसच्या वर येऊ लागले तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नका. मागचे पाय एकाएकी गार आणि लुळे पडले, मांजर किंचाळले, तर पाय मुरगळला म्हणून तेल लावत बसू नका. रक्ताची गुठळी अडकलेली असते.

रात्री उगाच मोठ्याने ओरडत फिरणारे तेरा-चौदा वर्षांचे मांजर ‘भ्रमिष्ट झाले’ म्हणून सोडून देऊ नये. विसराळूपणा असतो खरा, पण आधी रक्तदाब, थायरॉइड, सांधेदुखी, बहिरेपणा पाहावा. रात्री एक मंद दिवा, आणि सामानाची जागा न बदलणे, एवढ्याने बराच फरक पडतो. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या शोभेच्या दारूकामाच्या रात्री अशा मांजराला आतल्या खोलीत ठेवून खिडक्या लावाव्यात.

नसबंदीबद्दल एकच. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरीत स्तनाच्या कर्करोगाची शक्यता सुमारे ९१ टक्क्यांनी कमी होते, वर्षाच्या आत झाले तर ८६ टक्क्यांनी. मांजरीच्या स्तनातल्या दहापैकी साडेआठ-नऊ गाठी कर्करोगाच्याच निघतात. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्या’ या सल्ल्याची किंमत दहाव्या वर्षी मोजावी लागते. बारानंतरही दर महिन्याला पोटावरून बोटे फिरवून वाटाण्याएवढी गाठ शोधत राहावे.

वजनाची वही ठेवा. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. लहान बाळांचा काटा उत्तम, घरातला उभे राहायचा काटा शंभर-दोनशे ग्रॅमची चूक करतो. चार किलोचे मांजर सहा महिन्यांत ३.६ वर आले म्हणजे दहा टक्के गेले. एवढ्या दाट केसांखाली हे डोळ्यांना दिसत नाही. वही घेऊन या, डॉक्टरांचे निम्मे काम होते.

राहिला प्रश्न पिल्ले विकणाऱ्यांचा. डॉल फेस, सेमी पंच, पंच, एक्स्ट्रीम पंच, ट्रिपल कोट या नावांनी दर चढवले जातात. चेहरा जितका चपटा तितका भाव जास्त आणि तितकाच पुढे श्वासाचा, डोळ्यांचा, दातांचा खर्चही जास्त. डॉल फेस, म्हणजे सर्वांत कमी चपट्या चेहऱ्याचे, घ्या, असे आम्ही उघड सांगतो. पण मूत्रपिंडाचा दोष चेहऱ्यावरून कळत नाही, तो डॉल फेसमध्येही तितकाच असतो. सोलापुरात पर्शियनची जोड लावणाऱ्यांनी बोका आणि मांजरी दोघांची दहा महिन्यांनंतर सोनोग्राफी किंवा जनुक तपासणी करून घ्यावी आणि बाधित निघालेल्यांची नसबंदी करून त्यांना सुखाने सांभाळावे. एक बाधित बोका वर्षभरात कितीतरी घरांत हा आजार पोचवतो. ज्या देशांत पालकांची तपासणी रूढ झाली तिथे पीकेडीचे प्रमाण घटले आहे. इथे ती कायद्याने होईल तेव्हा होईल, तोपर्यंत ती गिऱ्हाईकच घडवून आणू शकते. लसीकरणाच्या कार्डाबरोबर आई-बापाचा मूत्रपिंडाचा अहवाल मागावा, त्यावर पशुवैद्यकाची सही आणि तपासणीच्या वेळचे वय आहे का ते पाहावे, आणि अहवाल नसेल तर पिल्लू कितीही गोंडस असले तरी पैसे काढू नयेत.

आपले,
मांजरांवर उपचार करणारे व मांजरे पाळणारे काही जण,
सोलापूर